क्यूटी मार्क गिचमिड का दिसतो आणि त्यातून काय काढून टाकायचं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: 'माय लिटिल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' या कार्टून मालिकेच्या जगात शोभेल अशी स्वतःची एक पेगासस, म्हणजे पंख असलेली पोनी, तुम्ही तयार केली आहे. नाव सिल्व्हर पोस्ट. गडद निळं अंग, चंदेरी आयाळ, आयाळीत एक फिकट पिवळी बट. ती रात्री धुक्यातून टपाल पोचवते. तिला चहा, गाणं आणि तारे आवडतात. तिच्या क्यूटी मार्कमध्ये, म्हणजे पोनीचा हुन्नर दाखवणाऱ्या तिच्या पुठ्ठ्यावरच्या (मागच्या मांडीवरच्या) खुणेत, तुम्ही लिफाफा, चंद्रकोर, होकायंत्र, संगीताची खूण आणि दोन पंख असं सगळं बसवलं आहे. ज्यांना दाखवलं त्यांनी 'गिचमिड वाटतंय' एवढंच सांगितलं. आता यातलं काय लहान करू आणि काय मोठं, असं तुम्ही विचारता.

लहान-मोठं करून हे सुटणार नाही असं मला वाटतं. सिल्व्हर पोस्टला नेमकं काय जमतं, हे तुमचं अजून ठरलेलं नाही. म्हणून तिच्याबद्दल जे जे माहीत आहे ते ते तुम्ही मार्कमध्ये भरत गेलात. ते एकदा ठरलं की या पाचांतल्या बहुतेक गोष्टी तुम्हीच काढून टाकाल.

मी रेडियम कटिंगच्या दुकानात काम शिकलो. गाडीवरची नावं, दुकानाच्या काचेवरची चिन्हं, शाळेचे बिल्ले, अशी कामं करत आता १६ वर्षं झाली. पोनींची चित्रं त्यातल्या ९ वर्षांत काढतो आहे, आधी स्वतःसाठी आणि मग लोकांनी मागितली म्हणून. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते या दोन्ही कामांतून आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करतो. सिल्व्हर पोस्टचा वापर कशासाठी होणार यावर बरंच काही अवलंबून आहे. एकच मोठं चित्र काढून भिंतीवर लावणार असाल तर थोडी जास्त बारीक नक्षी चालेल. कॉमिक काढणार असाल तर तोच मार्क तुम्हाला दोनशे वेळा काढावा लागेल आणि दहाव्या पानावर तुमचाच हात नक्षी गाळायला लागेल. बाहुली शिवून घ्यायची असेल तर भरतकामाची सुई फार बारीक रेघ नीट उचलत नाही. तुमची शैली मालिकेसारखी सपाट आहे की रंगछटा देऊन रंगवलेली, यानेही फरक पडतो. तुम्ही कॉमिकचा उल्लेख केलाय, म्हणून मी सपाट रंग आणि वारंवार काढणं हे धरून चालतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे. मालिकेतल्या सहा मुख्य पोनींचे मार्क डोळ्यांसमोर आणा. ॲपलजॅकची तीन लाल सफरचंदं, पिंकी पायचे तीन फुगे, रॅरिटीचे तीन निळे हिरे, फ्लटरशायची तीन गुलाबी फुलपाखरं. रेनबो डॅशचा ढग आणि त्यातून निघणारी रंगीत वीज. ट्वायलाइट स्पार्कलचा मोठा सहा टोकांचा तारा आणि त्याच्याभोवती छोटे पांढरे तारे. सहापैकी चौघींच्या अंगावर एकच वस्तू तीनदा आहे. त्यात आवडीनिवडींची यादी कुठेच नाही. रॅरिटीला मांजर आवडते, फ्लटरशाय चहा पिते, पण त्यातलं काहीही पुठ्ठ्यावर आलेलं नाही.

त्यातही रॅरिटीचा मार्क मी पुन्हा पुन्हा शिकवायला घेतो, कारण नवख्या माणसाची चूक त्यात लगेच उघडी पडते. रॅरिटीचा हुन्नर कपडे शिवण्याचा आहे. आपल्याला कोणी 'शिंपीण पोनीचा मार्क काढ' असं सांगितलं असतं तर आपण कात्री, सुईदोरा किंवा फार तर कापडाचा तागा काढला असता. मालिकेत हिरे आहेत. का, ते पहिल्या पर्वातल्या 'द क्यूटी मार्क क्रॉनिकल्स' या भागात दिसतं. लहानगी रॅरिटी शाळेच्या नाटकाचे पोशाख शिवते आहे आणि ते तिच्या मनासारखे होत नाहीत. तिचं शिंग तिला ओढत एका प्रचंड खडकापाशी नेतं. आकाशात रेनबो डॅशच्या वेगाने सप्तरंगी स्फोट होतो, खडक फुटतो आणि आत रत्नं दिसतात. त्या रत्नांनी पोशाख झळाळतात आणि मार्क उमटतो. म्हणजे हिरा हे तिच्या अवजाराचं चित्र नाही. साध्या गोष्टीत दडलेलं सौंदर्य बाहेर काढणं ही तिची नजर, आणि ती नजर तिला ज्या क्षणी सापडली तो क्षण हिऱ्याचा होता.

फ्लटरशायचंही तसंच. तिचा हुन्नर प्राण्यांना समजून घेण्याचा, पण अंगावर ससा किंवा अस्वल नाही. ती ढगावरून पडली तेव्हा फुलपाखरांनी तिला झेललं आणि जमिनीवरचं जग तिला पहिल्यांदा दिसलं, म्हणून फुलपाखरं.

तिसरी वाट चीअरिलीची. ती शिक्षिका आहे आणि तिच्या मार्कमध्ये हसरी फुलं आहेत. विद्यार्थी फुलावेत आणि त्यांना आनंद मिळावा, असा त्याचा अर्थ ती स्वतःच वर्गात समजावून सांगते. इथे फळा, खडू, पुस्तक यातलं काहीही नाही. हा निव्वळ रूपकाचा मार्क. तो तोंडी समजावून द्यावा लागतो, हा त्याचा कमकुवतपणा आहे, पण एकदा समजला की विसरत नाही.

आता सिल्व्हर पोस्टकडे. टपाल वाटणं हा तिचा व्यवसाय आहे. व्यवसाय बदलू शकतो. उद्या तिने टपालाचं काम सोडून बचाव पथकात नोकरी धरली तर तिच्या अंगावरचा लिफाफा खोटा ठरेल का? चाहत्यांनी जिला टपालवाली ठरवली त्या डर्पीच्या अंगावर तर बुडबुडे आहेत, लिफाफा नाही, आणि कोणाचं काही अडलं नाही. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक वाक्य पूर्ण करायला लावतो: 'बाकीच्या सगळ्या जिथे हात टेकतात, तिथे माझी पोनी ____ करते.' रिकाम्या जागी क्रियापद हवं, वस्तू नको. 'टपाल' चालणार नाही, 'तारे' चालणार नाही.

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की दाट धुक्यात पत्ता चुकला तरी ती माणूस शोधून काढतेच. (पोनीच्या जगात माणूस नसतो, पण आपण सगळे असंच बोलतो.) हेच तुमचं क्रियापद आहे. ती धुक्यात शोधून काढते. पत्र हे फक्त निमित्त. बाकी सगळे घरी थांबतात तेव्हा ती निघते आणि ज्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही त्याच्यापर्यंत पोचते. हे वाचताना मला स्वतःला ती पोनी पहिल्यांदा दिसली. पाच चिन्हांच्या चित्रात ती दिसली नव्हती.

क्रियापद हाती आलं की वस्तू शोधायची. इथे घाई करू नका. मी कागदावर वीसेक वस्तू लिहितो, त्यातल्या पहिल्या पाच बहुधा टाकाऊ असतात, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. धुक्यात शोधण्यासाठी पहिल्यांदा सुचेल ते होकायंत्र, मग ध्रुवतारा, मग दीपस्तंभ. होकायंत्राची अडचण अशी की ते स्वतःची वाट शोधायला वापरतात, दुसऱ्याला शोधायला नाही. ध्रुवतारा धुक्यात दिसतच नाही, आणि तारा या जगात आधीच खूप पोनींच्या अंगावर आहे, ट्वायलाइटचा तर सगळ्यात ठसठशीत. दीपस्तंभ जागचा हलत नाही, तुमची पोनी तर उडत जाते. पुढे काजवा, घंटा, कंदील, शिट्टी, दोऱ्याचा गुंडा असं काहीबाही येईल. मला कंदील पटतो. तो हातात घेऊन कोणीतरी कोणाला तरी शोधायला निघालेलं असतं, हे चित्र कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

ही 'समजावून सांगावं लागत नाही' गोष्ट हलकी समजू नका. मालिकेत ऑक्टेव्हिया चेलो वाजवते आणि तिच्या अंगावर ट्रेबल क्लेफ आहे, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत उंच सुरांच्या ओळीआधी काढतात ती वळणदार खूण. संगीत शिकलेले लोक यावर बोट ठेवतात, कारण चेलोचं संगीत बहुतांशी बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या खुणेत, लिहितात. तरी मला तो मार्क बरोबर वाटतो. बास क्लेफ बघून शंभरातल्या फार थोड्यांना 'संगीत' आठवेल, ट्रेबल क्लेफ मात्र सगळे ओळखतात. अचूक आणि ओळखू येणारं यात निवड करायची वेळ आली तर मार्कमध्ये मी ओळखू येणारं घेतो. अचूकपणा गोष्टीत दाखवायला भरपूर जागा असते.

पण नुसता कंदील कोणाचाही असू शकतो, आणि तुम्हाला लिफाफ्याचा लळा आहे हेही मला दिसतंय. अशा वेळी दोन वस्तू शेजारी-शेजारी ठेवण्यापेक्षा एकीत दुसरी मिसळा. पाचव्या पर्वात ॲपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटलू यांना शेवटी मार्क मिळतात तेव्हा तिघींच्या अंगावर एकाच घाटाची ढाल येते. आत ॲपल ब्लूमच्या सफरचंदात बदाम आहे, स्वीटी बेलच्या ताऱ्यात सुरांची खूण, स्कूटलूच्या पंखात वीज. एवढं सगळं असूनही ती गर्दी वाटत नाही, कारण प्रत्येक गोष्ट दुसरीच्या पोटात आहे आणि बाहेरून एकच आकार दिसतो.

तुमच्या कंदिलाची काच हाच लिफाफा करता येईल. काचेच्या पिवळ्या चौकोनात वरच्या दोन कोपऱ्यांतून मध्याकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा काढल्या की लिफाफ्याची झडप झाली. लांबून कंदील, जवळून पत्र. एक अडचण सांगून ठेवतो, कारण मी काल रात्री हे कागदावर करून पाहिलं. लिफाफा आडवा असतो आणि कंदील उभा. आडवी काच केली तर कंदील डब्यासारखा दिसतो, उभी केली तर झडप पाकिटाची न वाटता त्रिकोणी पताकेसारखी वाटते. तिसऱ्या प्रयत्नात काच जवळजवळ चौरस ठेवली, वरची टोपी बसकी आणि कडी मोठी गोल केली, तेव्हा जमलं. कंदिलाचं कंदीलपण त्या कडीत असतं, ती लहान करू नका.

माझ्या आजीची एक गोष्ट सांगतो. चातुर्मासात ती रोज दारात गोपद्मं काढायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं की गाय का काढत नाहीस. ती म्हणाली, पावलं आली म्हणजे गाय आलीच. चिन्हाचं सगळं शिक्षण मला त्या उत्तरात दिसतं. सिल्व्हर पोस्टचे पंख मार्कमध्ये काढायची गरज नाही, ते तिच्या पाठीवर आहेतच. चंद्रकोरही नको, पेटलेला कंदील म्हणजे रात्र आलीच.

रंगांचं बोलू. मुख्य पोनींच्या मार्कचे रंग आयाळीतून किंवा डोळ्यांतून आलेले अनेकदा दिसतात. ट्वायलाइटचा गुलाबी तारा तिच्या आयाळीतल्या गुलाबी पट्ट्याशी जुळतो, फ्लटरशायची फुलपाखरं तिच्या आयाळीशी, रॅरिटीचे हिरे तिच्या डोळ्यांशी. त्यामुळे मार्क अंगावर चिकटवल्यासारखा न वाटता तिचाच वाटतो. तुमच्याकडे ही सोय तयार आहे: काचेला त्या पिवळ्या बटेचा पिवळा, कंदिलाच्या सांगाड्याला आयाळीचा चंदेरी. गडद निळ्या अंगावर हे दोन्ही उठून दिसतील. झडपेच्या रेघांना तिसरा रंग देऊ नका. तिथे अंगाचाच निळा आरपार दिसू द्या. भोवती काळी किनारही नको, गडद निळ्यावर ती दिसणार नाही, नुसती कडा मळवेल.

हे 'आरपार दिसू द्या' मी रेडियमच्या दुकानात शिकलो. तिथे दोन रंगांचं काम म्हणजे दोन थर, तीन रंगांचं म्हणजे तीन, आणि प्रत्येक थर हाताने जुळवून बसवायचा. त्यामुळे खालच्या काचेचा किंवा पत्र्याचा रंग फुकटचा रंग म्हणून वापरायची सवय लागते. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीसाठी तिच्या पोनीचा मार्क बनवला होता: वीणेसारखं वाद्य, त्याला गुंडाळलेल्या वेली आणि सात तारे. पडद्यावर मोठा करून बघताना आम्हा दोघांनाही फार आवडला. मग तिने तो स्कूटीवर लावायला चार सेंटिमीटर रुंदीचा मागितला. नको असलेला भाग उपसून काढताना वेली तुटून हातात आल्या, ताऱ्यांची टोकं उचकटली. तीन वेळा कापून पाहिलं. शेवटी वाद्य ठेवलं, वेलीचं एकच पान ठेवलं, बाकी सगळं काढलं, आणि तो मार्क ती अजूनही वापरते. चूक माझी होती, मी तो कधी लहान करून पाहिलाच नव्हता.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी मार्क पूर्ण काळ्या रंगाने भरून टाकतो. नुसत्या काळ्या आकारावरून वस्तू ओळखू आली नाही तर रंग तिला वाचवणार नाहीत. मग पोनीवर बसवून चित्र लहान करतो. पोनी ३०० पिक्सेल उंच असेल तर मार्कच्या वाट्याला साधारण ४० पिक्सेल येतात, आणि कॉमिकच्या चौकटीत तर त्याहूनही कमी. तुमच्या पाच चिन्हांना प्रत्येकी सात-आठ पिक्सेल मिळत होते, म्हणून सगळ्यांना गिचमिड वाटलं. तुमची रेखाटणी वाईट मुळीच नाही, होकायंत्र सुटं पाहिलं तर सुरेख आहे. शेवटी, पोनीबद्दल काहीच माहीत नसलेल्या एखाद्याला तो लहान मार्क दाखवतो आणि 'हे काय आहे' एवढंच विचारतो. 'कसं आहे' विचारलं की लोक चांगलंच बोलतात.

दोन तांत्रिक गोष्टी ओझरत्या सांगतो. मार्क दोन्ही पुठ्ठ्यांवर असतो, आणि पोनीचं तोंड फिरवताना बहुतेक जण चित्र सरळ उलटवतात. तुमच्या होकायंत्रावरची 'उ' आणि 'द' ही अक्षरं दुसऱ्या बाजूला उलटी दिसतील. अक्षरं आणि आकडे मार्कमध्ये नकोतच. दुसरं, पुठ्ठा गोल असतो, शेपटी आणि मिटलेला पंख त्याच्या कडा झाकतात. महत्त्वाचं ते मधोमध ठेवा.

कोणी म्हणेल की वस्तू एकच असेल तर ती तीनदा का काढू नये, ॲपलजॅकसारखी. चालतं. सफरचंद, फुगा, फुलपाखरू असे साधे आकार तीनदा छान दिसतात. ज्या आकाराच्या पोटात आणखी काही आहे तो मात्र एकटाच ठेवावा, नाहीतर झडपेच्या सहा रेघा होतील आणि आपण पुन्हा होतो तिथेच येऊ. तुमची पोनी इतरांना शोधत एकटी निघते, तेव्हा तिच्या अंगावर एकच कंदील असणं मला जास्त खरं वाटतं.

एवढं करूनही मार्कचा अर्थ पक्का होईलच असं नाही, आणि ते बरंच आहे. पाचव्या पर्वात ट्रबलशूज नावाचा एक घोडा भेटतो. त्याच्या मार्कमध्ये घोड्याची उलटी नाल आहे. आपल्या नशिबी फक्त दुर्दैव लिहिलंय असाच अर्थ त्याने आयुष्यभर लावला. खरं तर त्याचा हुन्नर लोकांना हसवण्याचा होता, रोडिओतल्या (काउबॉय खेळांच्या जत्रेतल्या) विदूषकाचा. चित्र तेच राहिलं, वाचणारा बदलला. सिल्व्हर पोस्टलाही सुरुवातीला वाटू शकतं की कंदील म्हणजे आपल्याला आयुष्यभर अंधारातच काम करायचंय. तुमच्या कॉमिकची पहिली वीस पानं त्यातून निघतील.

मार्क पक्का करण्याआधी तो उमटला त्या रात्रीची गोष्ट पाच-सहा ओळींत लिहून काढा. कोण हरवलं होतं, तिच्याजवळ काय होतं, धुक्यात पहिल्यांदा काय दिसलं. लिहिताना कंदिलाऐवजी दुसरीच एखादी वस्तू पुढे आली तर माझा कंदील बेलाशक सोडून द्या आणि ती घ्या. तुमच्या पोनीची ती रात्र तुम्हाला माझ्यापेक्षा नीट दिसणार.

आणि जे काढून टाकाल ते फेकू नका. संगीताची खूण मार्कमध्ये नको, पण उडताना ती गुणगुणत असते आणि हरवलेल्याला आधी तिचा आवाज ऐकू येतो, असं दाखवता येईल. चहा तिच्या पिशवीतल्या थर्मासमध्ये जाईल, सापडलेल्या गारठलेल्या पोनीला पहिला घोट द्यायला. चंद्रकोरीचं टपालाच्या पिशवीला बक्कल करा. आणि होकायंत्र तुम्ही इतकं मन लावून काढलंय की ते तिच्या गळ्यात असू द्या, काटा अडकलेलं, तिला ते कधी वापरावं लागलेलं नाही असं.